म्युझिक प्लेअरसाठी चांगला इअरफोन निवडताना: आधी कान, मग किंमत

खास गाणी ऐकायला वेगळा प्लेअर घेतलाय, मेमरी कार्डात फ्लॅक फायली (दर्जा न घटवता साठवलेली गाणी) भरल्यात आणि ऐकताय मात्र जुन्या फोनच्या खोक्यातून निघालेल्या इअरफोनवर. बऱ्याच जणांचं असंच असतं. मग एखाद्या रविवारी चांगला इअरफोन शोधायला बसलं की तासाभरात डोकं गरगरतं. डायनॅमिक, आर्मेचर, प्लेनर, हरमन, टू-पिन, बॅलन्स्ड अशी नावं कानावर आदळत राहतात, आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी सांगतंच की याच्या दुप्पट किमतीचा जो आहे ना, तो खरा.

मी या वाटेने गेलोय आणि आता मित्रमंडळी, भाचेपुतणे यांना निवडून देण्याचं कामही आपसूक माझ्याकडे आलंय. लोक सहसा ब्रँडपासून सुरुवात करतात आणि कानात बसतो का हे शेवटी बघतात. मी नेमका उलटा क्रम सांगणार आहे, कारण त्यात पैसे वाचतात.

आयईएम म्हणजे इन-इअर मॉनिटर. मंचावर गायक-वादकांना आपलाच आवाज नीट ऐकू यावा म्हणून हा प्रकार वाढला. कानाच्या नळीत शिरून ती बंद करतो तो आयईएम. कानाच्या वाटीत नुसता टेकून राहतो तो साधा इअरबड. या लेखात फक्त पहिल्याबद्दल, तेही वायरवाल्याबद्दल बोलू.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- प्लेअरचं नेमकं मॉडेल आणि त्याचं माहितीपत्रक
- तुम्हाला पाठ असलेली पाच-सहा ध्वनिमुद्रणं, प्लेअरमध्येच भरलेली
- सध्याचा इअरफोन, कितीही भिकार असला तरी (तुलनेला लागतो)
- दोन-तीन प्रकारच्या सुट्या टिप्स, म्हणजे ज्याला दुकानात नुसतं ‘रबर’ म्हणतात ते
- कागदावर लिहिलेला खर्चाचा कमाल आकडा. मनातला आकडा वाढत जातो, लिहिलेला जरा टिकतो

१. प्लेअरला कुठली पिन लागते ते बघा

जवळजवळ प्रत्येक प्लेअरला ३.५ मिमीची नेहमीची पिन चालते. काहींना शेजारी ४.४ मिमीचं जाड छिद्र असतं, काही जुन्या प्लेअरना २.५ मिमीचं बारीक. ही दोन्ही ‘बॅलन्स्ड’ आउटपुटं. त्यांत डाव्या आणि उजव्या बाजूच्या परतीच्या तारासुद्धा वेगळ्या ठेवलेल्या असतात आणि बहुतेक प्लेअरमध्ये तिथून जास्त ताकद मिळते. ऐकायला हे फार भारी वाटतं, पण आयईएमला एवढी ताकद क्वचितच लागते. का, ते चौथ्या पायरीत हिशेबासकट दाखवतो. तोवर ‘माझ्या प्लेअरला ४.४ नाही’ म्हणून हळहळू नका.

इथे एक खरा धोका मात्र आहे. ४.४ मिमीची वायर ३.५ च्या छिद्रात लावायला जो अडॅप्टर मिळतो तो निर्धास्त वापरा. उलटा, म्हणजे साध्या ३.५ च्या इअरफोनला बॅलन्स्ड छिद्रात घालणारा अडॅप्टर वापरू नका. साध्या वायरीत दोन्ही बाजूंची परतीची तार एकच असते, त्यामुळे प्लेअरची दोन आउटपुटं आपसात शॉर्ट होतात. प्लेअर वाचला तर नशीब.

दुसरा सापळा खरेदीच्या पानावर असतो. स्वस्त आयईएम हल्ली एकाच नावाने तीन प्रकारांत विकतात: साधी ३.५ ची वायर, माइकवाली ३.५ ची वायर आणि टाइप-सी. टाइप-सीच्या वायरीत स्वतःची छोटी डॅक चिप (डिजिटल फायलीचं आवाजाच्या विद्युत लहरींत रूपांतर करणारी) असते. म्हणजे तुम्ही पैसे मोजून घेतलेल्या प्लेअरची डॅक बाजूलाच पडते, आणि काही प्लेअरवर ती वायर चालतही नाही. प्लेअरसाठी बिनमाइकची साधी वायर निवडा. ब्लूटूथचंही तसंच. एलडॅक हा ब्लूटूथवरून आवाज पाठवायचा कोडेक जास्तीत जास्त ९९० केबीपीएसपर्यंत (सेकंदाला इतके हजार बिट) जातो, साध्या सीडीचा प्रवाहच १४११ असतो. आणि आवाज घडवायचं काम शेवटी इअरफोनमधली चिप करते, प्लेअर नव्हे. सोयीसाठी ब्लूटूथ जरूर वापरा, पण मग वेगळ्या प्लेअरचा खर्च कशाला?

माहितीपत्रकात ‘आउटपुट इम्पिडन्स’ (प्लेअरच्या आउटपुटचा स्वतःचा विद्युत अडथळा) हा आकडा शोधून टिपून ठेवा. १-२ ओहमच्या आत असेल तर पुढे काळजी नाही.

२. कानाचं माप घ्या, दोन्ही कानांचं

या पायरीवर घाई करू नका. आयईएमचा बास हा कानाची नळी हवाबंद होण्यावर अवलंबून असतो. टिप आणि कान यांच्यात बारीकशी फट राहिली की खालचे सूर निघून जातात, आणि उरलेला आवाज पातळ, चिरका लागतो. महागडा आयईएम घेऊन ‘यात तर काहीच दम नाही’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांची तक्रार खरं तर टिपेची असते.

तपासायची पद्धत सोपी आहे. तानपुरा चालू ठेवा किंवा ज्यात डग्गा स्पष्ट आहे असं काही लावा. इअरफोन कानात बसवा आणि बोटाने अगदी हलके आत दाबा. दाबल्याबरोबर खर्ज भरून आला आणि बोट काढल्यावर ओसरला, तर फट आहे. एक माप मोठी टिप लावून पुन्हा बघा. दाबल्याने काहीच फरक पडला नाही तर ठीक बसलंय. दोन कानांना दोन वेगळी मापं लागणं अगदी सामान्य आहे. एकीकडे मध्यम आणि एकीकडे मोठी टिप लावून फिरणारे भरपूर आहेत.

बसवायचीही रीत आहे. उजव्या कानाला इअरफोन लावताना डावा हात डोक्यामागून नेऊन कानाचा वरचा भाग किंचित वर आणि मागे ओढा. नळी सरळ होते. मग इअरफोन थोडा फिरवत आत सरकवा आणि कान सोडा. बहुतेक आयईएमची वायर कानावरून मागे जाते, गळ्याकडे सरळ लोंबत नाही. आधी विचित्र वाटतं, पण वायर कपड्याला घासल्याचा खरखराट त्याने बराच कमी होतो.

टिप्सचे मुख्य प्रकार दोन. सिलिकॉनच्या धुता येतात, टिकतात, आवाज मोकळा ठेवतात. फोमच्या चिमटीत दाबून कानात घालायच्या, आत त्या फुगतात आणि बाहेरचा गोंगाट जास्त अडवतात; वरचे सूर थोडे मऊ होतात आणि काही महिन्यांत त्या खराब होतात. लोकलमध्ये किंवा एसटीत ऐकणार असाल तर फोम. घरी रात्री शांतपणे ऐकणार असाल तर सिलिकॉन. याशिवाय तीन छत्र्या एकावर एक असलेल्या लांब टिप्स मिळतात. त्या खोल जातात, आवाज सगळ्यांत जास्त अडवतात, आणि अर्ध्या लोकांना सहनच होत नाहीत.

आता तुमचा कान लहान असेल तर आयईएमच्या नळकांड्याची, म्हणजे नोझलची जाडी बघणं भाग आहे. ५ मिमीच्या आसपासचं नोझल बहुतेकांना चालतं. ६ च्या वर गेलं की लहान कानांना तासाभरात ठणका लागतो. ट्रूथइअरचा पहिला ‘झीरो’ हा निळा आयईएम आवाजाला उत्तम, पण त्याचं जाडजूड नोझल अनेकांच्या कानात शिरतच नाही. बायका आणि किशोरवयीन मुलांसाठी घेताना हे आधी बघा. परीक्षण करणाऱ्याच्या कानात छान बसला याचा तुम्हाला काही उपयोग नाही. दुसऱ्याच्या पायाच्या मापाने कुणी चप्पल घेत नाही.

कानात बसवताना पापुद्रा चुरगळल्यासारखा ‘कट्’ आवाज आला तर घाबरू नका. आतल्या हवेच्या दाबाने ड्रायव्हरचा, म्हणजे आवाज काढणाऱ्या भागाचा पडदा किंचित वाकतो. हळू बसवा.

३. तुम्ही काय ऐकता ते प्रामाणिकपणे लिहा

‘सगळंच ऐकतो’ हे उत्तर चालणार नाही. प्लेअरमध्ये सगळ्यांत जास्त काय वाजतं ते बघा, कारण आयईएमच्या आवाजाचा कल त्यावरून ठरवायचा असतो.

शास्त्रीय गायन घ्या. काळी एक पट्टीतला पुरुष गायकाचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झला येतो; तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ च्या आसपास. त्याखाली या संगीतात फारसं काही नसतं. तेव्हा ‘३० हर्ट्झपर्यंत दणकेबाज बास’ या जाहिरातीचा ख्याल ऐकणाऱ्याला काडीचा उपयोग नाही. उलट ज्या आयईएममध्ये १०० ते २५० हर्ट्झचा पट्टा फुगवलेला असतो, तिथे डग्ग्याचा घुमारा गायकाच्या आवाजावर पसरतो, हार्मोनियम चिकट लागते आणि तानपुऱ्याची जवारी बुडते. जवारीची ती सूक्ष्म झणझण म्हणजे तारेचे वरचे स्वरांश. मधल्या-वरच्या पट्ट्यात स्वच्छ असलेल्या आयईएमवरच ती उलगडते. माझी पहिली कसोटी तीच: नुसता तानपुरा लावायचा आणि चारही तारा वेगवेगळ्या ओळखता येतात का ते ऐकायचं.

भजन, कीर्तन, वारीची ध्वनिमुद्रणं जास्त असतील तर टाळ-झांज लावून बघा. हा फार कडक पेपर आहे. ६ ते ९ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात उचल असलेले आयईएम दुकानात पहिली दोन मिनिटं ‘वा, किती स्पष्ट’ वाटतात आणि पंधरा मिनिटांच्या गजरानंतर कान दुखायला लागतात. गायिकेच्या शब्दांतला ‘स’ आणि ‘श’ सुईसारखा टोचतो का, तेही इथेच कळतं. ढोलकीची चाट आवडणाऱ्यांना मात्र यात थोडी धार हवी असते. पूर्ण मऊ आयईएमवर लावणी झोपून जाते.

जुन्या ७८ आरपीएम तबकड्यांवरून उतरवलेलं नाट्यसंगीत ऐकत असाल तर वरच्या सुरांवर पैसे खर्च करू नका. त्या मुद्रणांत फार वरचं काही उतरलेलंच नाही. चकचकीत ट्रेबलचा आयईएम तुम्हाला तबकडीची खरखरच तेवढी जास्त ऐकवेल. त्यांच्यासाठी मधला पट्टा भरीव आणि वरचा सौम्य असलेला, पुष्कळदा स्वस्तातला आयईएम जास्त सुखाचा.

नवं सिनेसंगीत, हिपहॉप, इलेक्ट्रॉनिक ऐकणाऱ्यांचं गणित वेगळं. तिथे ३० ते ६० हर्ट्झमध्ये खरंच संगीत असतं आणि ते अंगावर यायला हवं. बास हवा म्हणण्यात कमीपणा नाही. फक्त तो खोलवरचा हवा की नुसता मधे फुगलेला, एवढं विचारा.

४. आकडे वाचा, पण दोनच

खोक्यावर दहा आकडे छापतात. ‘२० ते ४०,००० हर्ट्झ’ हा त्यांतला सगळ्यांत निरुपयोगी. तुम्हाला हवेत इम्पिडन्स (इअरफोनचा विद्युत अडथळा, ओहममध्ये) आणि सेन्सिटिव्हिटी (दिलेल्या ताकदीत तो किती मोठा वाजतो).

सेन्सिटिव्हिटीत एक गोची आहे. काही कंपन्या ती एका मिलिवॅटला किती डेसिबल अशी देतात, काही एका व्होल्टला. हे दोन आकडे थेट ताडून बघता येत नाहीत. १६ ओहमच्या आयईएमला मिलिवॅटच्या आकड्यात १८ मिळवले की व्होल्टचा आकडा येतो. ३२ ओहमच्याला १५ मिळवायचे. म्हणजे ‘१६ ओहम, १०४ डेसिबल प्रति मिलिवॅट’ आणि ‘३२ ओहम, १०७ डेसिबल प्रति मिलिवॅट’ हे दोन्ही एका व्होल्टला १२२ डेसिबलच देतात. त्याच प्लेअरवर, त्याच व्हॉल्यूमला दोन्ही सारखेच मोठे वाजतील. दुकानदार मात्र १०७ वाला ‘जास्त लाउड’ म्हणून विकेल.

आता ताकदीचा हिशेब. असा १२२ चा आयईएम ९० डेसिबलला, म्हणजे बऱ्यापैकी मोठ्याने वाजवायला किती व्होल्ट लागतात? सुमारे ०.०२५. पंचवीस मिलिव्होल्ट. संगीतातल्या अचानक उसळ्यांसाठी याच्या दहापट राखीव ठेवले तरी पाव व्होल्ट, आणि तेवढं कुठलाही प्लेअर हसत देतो. म्हणून आयईएमसाठी वेगळा अँप घ्या असं कुणी सुचवलं तर विषय बदला. तुमची खरी अडचण उलटी असू शकते: आयईएम फारच संवेदनशील, प्लेअरच्या सर्किटचा स्वतःचा आवाज जास्त, आणि गाणं थांबल्यावर मागे ‘स्स्स’ अशी सळसळ. प्लेअरमध्ये ‘लो गेन’ची (कमी ताकदीच्या आउटपुटची) सोय असेल तर तीच निवडा, व्हॉल्यूमची कळ जरा वरपर्यंत नेता येते आणि सळसळही बरेचदा कमी होते.

आणि तो टिपून ठेवलेला आउटपुट इम्पिडन्स? तो आयईएमच्या इम्पिडन्सच्या आठव्या हिश्श्याहून कमी असावा असा ठोकताळा आहे. १६ ओहमच्या आयईएमला २ ओहमपर्यंत. अनेक आर्मेचरवाल्या (ड्रायव्हरचे प्रकार पुढच्या पायरीत) आयईएमचा इम्पिडन्स प्रत्येक सुराला वेगळा असतो, त्यामुळे जास्त आउटपुट इम्पिडन्सच्या प्लेअरवर त्यांचा सूरच बदलतो: कुठे बास घटतो, कुठे ट्रेबल चढतो. एकाच डायनॅमिक ड्रायव्हरचे आयईएम याबाबत बरेच सोशिक.

५. ड्रायव्हर किती, यावर जाऊ नका

डायनॅमिक ड्रायव्हर म्हणजे छोटा स्पीकरच: कॉइल, चुंबक, पडदा. बास नैसर्गिक. बॅलन्स्ड आर्मेचर श्रवणयंत्रांतून आलेला, इवलासा, तपशिलाला चांगला. पण एकेकाला सगळा पट्टा पेलत नाही म्हणून दोन, चार, आठ एकत्र बसवतात. प्लेनरमध्ये पातळ पडद्यावरच तारेचा ठसा असतो. वेगवान आवाज, इम्पिडन्स स्थिर. हायब्रिड म्हणजे यांची मिसळ.

‘एका बाजूला बारा ड्रायव्हर’ हे वाचून भुलू नका. अमेरिकेतल्या एटिमोटिक रिसर्चने १९९१ साली ईआर-४ काढला तो एका बाजूला एकच आर्मेचर घालून, आणि त्या मालिकेचं नाव अचूकतेसाठी आजही घेतलं जातं. जास्त ड्रायव्हर म्हणजे त्यांच्यात सूर वाटून देणारं जास्त किचकट क्रॉसओव्हर. ते नीट जमलं तर बहार, नाही तर गायिका मंद्रातून तार सप्तकात जाताना आवाजाचा पोत मधेच बदलल्यासारखा वाटतो.

६. आलेख बघायला शिका

प्रत्येक चांगल्या आयईएमचे फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सचे आलेख हल्ली मोफत बघायला मिळतात. डावीकडे खालचे सूर, उजवीकडे वरचे. रेघ वर म्हणजे तो पट्टा जास्त. नवख्या माणसाला पहिला धक्का बसतो तो ३ किलोहर्ट्झजवळच्या टेकाडाचा. तो दोष नाही. उघड्या कानाची पाळी आणि नळी मिळून त्या पट्ट्यात आवाज नैसर्गिकरीत्या वाढवतात, आयईएम नळी बुजवून ती वाढ काढून घेतो, म्हणून ती परत घालावी लागते. टेकाड नसेल तर गायक दूर, गोधडीआडून गातोय असं वाटतं.

हरमन कंपनीच्या संशोधकांनी लोकांना ऐकवून, पसंती विचारून जो नमुना आलेख तयार केला त्याला ‘हरमन टार्गेट’ म्हणतात. तुलनेला तो उपयोगी आहे. पण माझ्या मते त्यातला खालचा बास शास्त्रीय संगीताला थोडा जास्तच आहे. नव्या सिनेसंगीताला तोच छान लागतो.

दोन पथ्यं पाळा. वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या यंत्रांवर काढलेले आलेख एकमेकांवर ठेवू नका. एकाच ठिकाणचे दोन ताडा. आणि नेहमीच्या ७११ प्रकारच्या (कृत्रिम कानासारख्या) मापनयंत्रावर ८ किलोहर्ट्झच्या आसपास दिसणारं टोक बहुधा त्या यंत्राच्या नळीचं अनुनाद असतं. त्यावरून ‘हा टोचणार’ असा निकाल देऊ नका. ते तुमच्या कानात टाळ वाजवूनच ठरतं.

७. किती खर्च करायचा

खोक्यातल्या इअरफोनवरून उडी मारणाऱ्याला सर्वांत मोठा फरक पहिल्या दोन-तीन हजार रुपयांतच मिळतो. हे चित्र गेल्या काही वर्षांत चिनी कंपन्यांनी बदललं. मूनड्रॉप चू २ किंवा सेव्हनहर्ट्झ सालनोट्स झीरो यांच्यासारखे एका डायनॅमिक ड्रायव्हरचे आयईएम पहिली खरेदी म्हणून निर्धास्त घ्यावेत. (पहिल्या चूची वायर सुटी होत नव्हती, तुटली की सगळंच गेलं, चू २ ची होते.) ट्रूथइअर हेक्सा एक डायनॅमिक आणि तीन आर्मेचरचा, गाण्यातला मधला पट्टा ज्यांना नितळ हवा त्यांच्यासाठी. सेनहायझर आयई २०० हलका, लहान कानांतही बसणारा. प्रवासात बाहेरचा गोंगाट पूर्ण बंदच हवा असेल तर एटिमोटिक, पण त्यांचं खोल बसणं आधी सोसून बघा.

पंचवीस हजारांच्या पुढे फरक असतो, नाही असं नाही, पण तो सुधारणेपेक्षा आवडीनिवडीचा असतो. तेवढे पैसे असतील तरी आधी दोन हजारांचा घेऊन महिनाभर ऐका. आपल्याला काय खटकतं हे कळल्याशिवाय महागाचं काय घ्यायचं तेही कळत नाही.

महागड्या वायरींबद्दल एकच सांगतो: वायर तुटली किंवा ताठर आहे म्हणून बदला. चांदीच्या मुलाम्याने आवाज सुधारेल म्हणून नको. तेच पैसे टिप्सवर घाला.

८. विकत घेताना

आयईएम आणि वायर यांचा सांधा कुठला ते बघून ठेवा. ०.७८ मिमीच्या दोन काड्यांचा टू-पिन, किंवा गोल टिचबटणासारखा एमएमसीएक्स. टू-पिन सरळ आणि भरवशाचा. एमएमसीएक्स गोल फिरतो, पण सारखा काढ-घाल केली की सैल होतो. काही कंपन्यांचे सांधे नावाला तेच, पण खोलगट. सेनहायझरच्या आयई मालिकेत बाजारातल्या बऱ्याच एमएमसीएक्स वायरी बसत नाहीत.

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली इथे ॲक्सेसरीज, टिप्स, अडॅप्टर घ्यायला जरूर जा. नावाजलेल्या ब्रँडचे इअरफोन मात्र अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. मोठ्या ब्रँडच्या नकला हुबेहूब खोक्यात येतात, आणि निम्म्या किमतीला मिळणारा ‘ओरिजिनल’ ओरिजिनल नसतो. पक्कं बिल घ्या. इअरफोनवर १८ टक्के जीएसटी आहे, ‘बिल नको तर कमी करतो’ म्हणणारा वॉरंटीही कमी करतो. अलीएक्सप्रेस भारतात नोव्हेंबर २०२० पासून बंद आहे. परदेशातून येणाऱ्या कुणाला आणायला सांगणार असाल तर बिघडल्यावर तो परत कोण पाठवणार, हेही तेव्हाच ठरवा.

सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न: उघडून कानात घातल्यावर परत घेणार का? स्वच्छतेचं कारण देऊन बरीच दुकानं घेत नाहीत. पैसे देण्याआधी लेखी विचारा. प्रत्यक्ष ऐकायची सोय असलेल्या दुकानात आपला प्लेअर, आपली गाणी आणि आपल्या टिप्स घेऊन जा. दुकानातली टिप किती कानांत गेली असेल याचा विचार केलेला बरा.

९. घरी आणल्यावर पहिला आठवडा

खोकं उघडलं की आधी डावा-उजवा तपासा आणि वायर सुटी असेल तर टू-पिनच्या दोन्ही बाजू एकाच दिशेने लागल्यात ना ते बघा. एका बाजूची पिन उलटी बसली तर गायक मधोमध उभा न राहता डोक्याच्या आसपास पसरतो आणि बास गायब होतो. माल खराब आहे असं वाटून लोक परत पाठवतात. पिन फिरवून बघायला अर्धा मिनिट लागतो.

मग सगळ्या टिप्स एकेक करून लावा. नव्या आणि जुन्या इअरफोनची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा मोठा ठेवा. कानाला मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो. एकाची कळ दोन पायऱ्या वर असली की निकाल ठरलेलाच. पहिल्या दिवशी काहीच ठरवू नका. जुन्या फुगीर आवाजाची सवय झालेल्या कानाला स्वच्छ आयईएम सुरुवातीला कोरडा लागतो. आठवड्याने पुन्हा जुना लावून बघा, उत्तर आपोआप मिळेल.

तरीही थोडं कमी-जास्त वाटत असेल तर प्लेअरचा इक्वलायझर वापरा. त्यात पाप नाही. टाळ टोचतात? ८ किलोहर्ट्झची पट्टी दोन-तीन डेसिबल खाली घ्या. डग्गा पसरतोय? २५० ची थोडी उतरवा. वाढवण्यापेक्षा कमी करणं चांगलं. वाढवलंच तर प्रीअँपची (एकूण पातळीची) पट्टी तेवढीच खाली आणा, नाही तर मोठ्या जागी आवाज फाटतो.

१०. आवाज किती, आणि निगा

जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे. लहान मुलांसाठी ७५. प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८३ ला २० तास, ८६ ला १०. नीट बसलेल्या आयईएमचा मोठा फायदा इथेच आहे. बाहेरचा गोंगाट आत येत नाही, त्यामुळे गाडीच्या खडखडाटावर मात करायला कळ वर न्यावी लागत नाही. पण तीच गोष्ट रस्त्यावर घातक. चालताना, फलाटावर, दुचाकीवर दोन्ही कान बंद करून फिरू नका.

टिप्स काढून कोमट साबणपाण्याने धुवा, पूर्ण वाळल्यावरच परत लावा. नोझलच्या जाळीवर मळ साचला तर इअरफोन उलटा, जाळी जमिनीकडे करून मऊ कोरड्या ब्रशने झटका; पाणी किंवा स्पिरिट आत जाऊ देऊ नका. एका बाजूचा आवाज हळूहळू कमी झाला तर दुरुस्तीला नेण्याआधी ही जाळी बघा. कान दुखत असेल, वाहत असेल तेव्हा आयईएम घालायचाच नाही. आणि कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची पुडी टाका. पुडी जुनी झाली की बदला, कारण ओल शोषून भरलेली पुडी काही कामाची नसते.